तिसऱ्यांदा बिघडलेला लॅपटॉप, सर्व्हिस सेंटरचं "लिक्विड डॅमेज" आणि कंपनीवर केस

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या एका गृहस्थांनी मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी ७२ हजाराचा लॅपटॉप ऑनलाईन घेतला. पाचव्या महिन्यात तो चालता चालता आपोआप बंद पडायला लागला, सर्व्हिस सेंटरने मदरबोर्ड बदलून दिला, काही आठवड्यांत परत तेच, परत मदरबोर्ड बदलला, आणि आता वॉरंटी संपत आलेली असताना तिसऱ्यांदा दिला तर म्हणतायत लिक्विड डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही, ३१ हजार भरा. मुलगी म्हणते पाण्याचा थेंबही सांडलेला नाही. केस होईल का, कुठे होईल, वकील लागतो का, आणि एवढं करून हातात काही पडतं का, असं त्यांनी विचारलंय.

केस होईल, आणि सांगलीतच होईल. मी ग्राहक आयोगात वकिली करतो, सुरवातीची काही वर्षं कंपन्यांच्या बाजूनेही उभा राहिलोय त्यामुळे समोरचा वकील काय मांडणार हे बऱ्यापैकी आधीच माहीत असतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आयोगासमोर तुमचा लॅपटॉप येत नाही, जॉबशीट येते, म्हणजे मशीन दुरुस्तीला देताना सर्व्हिस सेंटर बिघाड लिहून देतं तो कागद. तुम्ही किती वेळा फोन केले, मुलीची सबमिशन कशी बुडाली, काउंटरवरचा माणूस कसा उद्धट बोलला, हे सगळं खरं असलं तरी सदस्य फाईल उघडतात तेव्हा त्यांना पहिल्या तारखेची जॉबशीट, दुसऱ्या तारखेची जॉबशीट आणि तिसरी अशा तीन कागदांत काय लिहिलंय एवढंच दिसतं. निम्म्याहून जास्त लोक माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्याकडे त्या नसतातच, एसएमएस आला होता म्हणतात, तो पण डिलीट झालेला असतो. तुमच्याकडे नसतील तर आजच सर्व्हिस सेंटरला आणि कंपनीच्या सपोर्टला मेल टाका की माझ्या या सिरीयल नंबरवर झालेल्या सगळ्या सर्व्हिस रिक्वेस्टची हिस्टरी आणि जॉबशीट पाठवा. बरेचदा पाठवतात. नाही पाठवली तर ते पण आपल्या कामाचंच आहे, मेल जोडून आयोगाला सांगता येतं की रेकॉर्ड त्यांच्याकडे आहे आणि ते द्यायला तयार नाहीत, त्यांना हजर करायला सांगा.

जॉबशीटवर दोन रकाने बघायचे. एक, ग्राहकाने सांगितलेला बिघाड. तुम्ही काउंटरवर सांगता की रोज दोन तीनदा बंद पडतो, चार्जर लावलेला असतानाही पडतो, आणि तो पोरगा टाईप करतो "सिस्टिम चेकअप". सही करायच्या आधी हे वाचा आणि तिथल्या तिथे बदलून घ्या, बदलत नसेल तर पेनाने स्वतः लिहा आणि फोटो काढा. दोन, फिजिकल कंडिशन. यात ओरखडे, डेंट, तुटलेलं बिजागर, लिक्विड वगैरे असतं आणि समोर हो नाही टिक केलेलं असतं. हा रकाना कंपनीने स्वतःच्या बचावासाठी ठेवलेला आहे पण तुमच्या केसमध्ये तोच तुमच्या उपयोगी पडणार आहे. कसा ते सांगतो.

पहिल्या दोन्ही वेळी मशीन उघडलं गेलंय, कारण मदरबोर्ड न उघडता बदलता येत नाही. म्हणजे कंपनीच्याच इंजिनिअरने आतून बघितलं, त्याला पाणी दिसलं नाही, आणि वॉरंटीत फुकट बोर्ड घातला. दोन्ही जॉबशीटवर तक्रार एकच आहे, आपोआप बंद पडणे. तिसऱ्या वेळीही तक्रार तीच आहे. मग दोनदा पाण्याशिवाय झालेला बिघाड तिसऱ्यांदा पाण्यामुळे झाला हे सिद्ध करायची जबाबदारी नैतिकदृष्ट्याच नाही तर युक्तिवादातही त्यांच्याकडे ढकलता येते. हा मुद्दा तक्रारीच्या पहिल्याच पानावर आला पाहिजे, तारखांसकट, बाकीची हकीकत नंतर.

आता लिक्विड डॅमेजचं. आत काही ठिकाणी पांढरे छोटे स्टिकर असतात, ओल लागली की लाल किंवा गुलाबी होतात. त्या स्टिकरवरून एवढंच कळतं की त्या जागी कधीतरी ओल पोचली होती. कधी पोचली, कोणाकडे असताना पोचली, आणि बंद पडण्याचं कारण तीच आहे का, यातलं काहीही स्टिकर सांगत नाही. त्यामुळे तोंडी "सर लिक्विड आहे" वर गप्प बसू नका. मेलवर मागा: नेमक्या कुठल्या भागावर डाग किंवा गंज आहे त्याचे फोटो, त्या फोटोत बोर्डचा सिरीयल नंबर दिसला पाहिजे, कोणत्या इंजिनिअरने कुठल्या तारखेला तपासलं ते, आणि वॉरंटी नाकारल्याचं पत्र लेटरहेडवर. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. सर्व्हिस सेंटर नकार लेखी द्यायला फार टाळाटाळ करतात, पण एस्टिमेट मात्र लगेच देतात, तर ते ३१ हजाराचं एस्टिमेटसुद्धा चालतं, कारण वॉरंटी चालू असताना पैसे मागितले हे त्यावरूनच दिसतं. फक्त तारीख आणि सिरीयल नंबर आहे ना ते बघा.

आणि ३१ हजार भरू नका. मुलीची परीक्षा आहे म्हणून लोक भरतात, मला समजतं, पण एकदा भरले की जुना बोर्ड ते ठेवून घेतात आणि पुरावा गेला. अगदीच भरायचे झाले तर मेलवर स्पष्ट लिहा की हरकत राखून भरतोय, आणि काढलेला बोर्ड परत मागा.

मशीन तिथे अजून पडलेलं असेल तर रिपेअर न करता परत घ्या, कारण काही दिवसांनी ठेवणावळ लागेल असा मेसेज येतो. परत घेताना "रिपेअर न करता परत मिळाले, लिक्विड डॅमेज मान्य नाही" असं जॉबशीटवर लिहूनच सही करायची. गल्लीतल्या ओळखीच्या माणसाकडे उघडायला देऊ नका. कंपनीचा वकील पहिल्या पानावर "बाहेर उघडलेलं आहे" असं लिहून मोकळा होतो.

अजून एक, हा कायद्याचा भाग नाही पण कोणी सांगत नाही म्हणून. मदरबोर्ड बदलला की विंडोज बरेचदा बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला लावलेल्या कुलपाची, ४८ आकडी की मागतं, कारण लॉक जुन्या बोर्डावरच्या चिपशी बांधलेलं असतं. ही की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते ती आधीच काढून ठेवा आणि डेटाचा बॅकअप घेऊनच मशीन द्या. डेटा गेला तर जवळपास सगळ्या वॉरंटीत हात वर केलेले असतात.

केस कुठे? ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. १९८६ च्या जुन्या कायद्यात ही सोय नव्हती, समोरच्याचं ऑफिस नाहीतर खरेदीचं ठिकाण धरावं लागायचं आणि ऑनलाईन खरेदीत त्यावरूनच वर्ष वर्ष भांडण चालायचं. आता कंपनी बेंगळुरूची असो की गुरुग्रामची, ती सांगलीला येईल. वॉरंटी कार्डात बारीक अक्षरात "फक्त अमुक शहरातील न्यायालय" असं छापलेलं असतं त्याला घाबरू नका. लवादाचं कलम, म्हणजे वाद कोर्टाबाहेर खाजगी लवादाकडेच न्यायचा अशी अट, असलं तरी ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही, २०१८ साली एमार एमजीएफ या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टात हे झालेलं आहे.

जिल्हा आयोगाची मर्यादा आता ५० लाख आहे आणि ती तुम्ही किती नुकसानभरपाई मागता त्यावर नाही तर वस्तूला दिलेल्या पैशावर मोजतात. ५ लाखापर्यंतच्या वस्तूला फी शून्य. वकील सक्तीचा नाही, स्वतः उभं राहता येतं आणि महाराष्ट्रातल्या जिल्हा आयोगात तक्रार मराठीत चालते. माझ्या पोटावर पाय आला तरी सांगतो, ७२ हजाराच्या वस्तूसाठी २५ हजार वकिलाला देण्यात अर्थ नाही, ड्राफ्ट एखाद्याकडून तपासून घ्या आणि स्वतः जा. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था मार्गदर्शन करतात, जिल्ह्यातल्या ग्राहक पंचायतीचे कार्यकर्तेही असतात, त्यातल्या जुन्या लोकांना आयोगाचं कामकाज नवीन वकिलांपेक्षा जास्त माहीत असतं.

मुदत मात्र दोन वर्षं, कलम ६९. कारण घडल्यापासून दोन वर्षं, आणि तुम्ही मेलवर मेल करत राहिलात म्हणून ती वाढत नाही. उशीर माफ करायचा अर्ज देता येतो पण त्याच्या भरवशावर राहू नका.

बिल कोणाच्या नावावर आहे ते बघा. वडिलांच्या नावाने घेतलं आणि मुलगी वापरते तर काही अडचण नाही, घेणाऱ्याच्या संमतीने वापरणारा पण ग्राहकच. पण बरेच जण १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळेल म्हणून दुकानाच्या किंवा फर्मच्या जीएसटी नंबरवर बिल घेतात, आणि मग समोरून "व्यापारी कारणासाठी खरेदी, हा ग्राहकच नाही" असा आक्षेप येतो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः वापरायला घेतलं असेल तर कायद्यात सूट आहे, १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात ते नीट आलंय, पण ते तक्रारीत तसं लिहावं लागतं. तुमचं बिल साध्या नावावर असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

पार्टी, म्हणजे विरुद्ध पक्ष, कोण कोण करायच्या यात लोक फार चुकतात. फक्त सर्व्हिस सेंटरवर करतात, किंवा फक्त ज्या वेबसाईटवरून घेतलं तिच्यावर. बिल उघडून बघा, विकणारा म्हणून कुठलीतरी तिसरीच प्रायव्हेट लिमिटेड असते, वेबसाईट नसते. आणि उत्पादक म्हणून जो ब्रँड आहे त्याची भारतातली कंपनी कुठली, हे खोक्यावर मिळतं. खोकं फेकलं नसेल ना? त्यावरच्या स्टिकरवर आयात करणाऱ्याचं किंवा उत्पादकाचं पूर्ण नाव, पत्ता, महिना वर्ष आणि कस्टमर केअर छापणं वजनमापाच्या नियमांनी बंधनकारक आहे. ते नाव जसंच्या तसं घ्या. नुसतं ब्रँडचं नाव घालून केलेली तक्रार नोटीस परत येण्यातच महिने घालवते. तर उत्पादक किंवा आयातदार, बिलावरचा विक्रेता, वेबसाईट आणि सर्व्हिस सेंटर असे चारही करा. वेबसाईट म्हणेल आम्ही फक्त मध्यस्थ, आणि बहुतेकदा सुटतेही, सुटू दे. पण २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तिला तक्रार अधिकाऱ्याचं नाव द्यावं लागतं, ४८ तासांत पोच आणि महिन्यात निवारण करावं लागतं, आणि वेबसाईटवरून विकणाऱ्याला सदोष वस्तू परत घ्यायला नकार देता येत नाही. तुम्ही त्या अधिकाऱ्याला मेल केला असेल आणि त्याने उत्तरच दिलं नसेल तर तेवढ्यापुरती ती अडकते.

उत्पादकावर काय आरोप आहे ते मात्र वेगळं, स्पष्ट लिहा. गोव्यातल्या एका गाडीच्या प्रकरणात डीलरने जुनी गाडी नवी म्हणून विकली होती, २०२१ साली सुप्रीम कोर्टाने उत्पादक टाटा मोटर्सला सोडलं, कारण डीलरच्या लबाडीत त्यांचा हात किंवा त्यांना माहिती असल्याचं तक्रारीत दाखवलेलंच नव्हतं. तुमच्याकडे सोपं आहे, वॉरंटी त्यांची, बोर्ड त्यांचे, सर्व्हिस सेंटर त्यांचं अधिकृत. पण लिहायला पाहिजे. आणि "प्रॉडक्ट लायबिलिटी" हा शब्द उगाच घालू नका, इंटरनेटवरून उचलून सगळे घालतात. ते प्रकरण बॅटरी फुटून कोणी भाजलं, घर जळलं अशासाठी आहे, खुद्द वस्तू बिघडली हे नुकसान त्यात धरतच नाहीत. तुमचं साधं "दोष" आणि "सेवेतील त्रुटी" आहे, तेवढं पुरतं.

केसच्या आधी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा. ती आदेश देऊ शकत नाही, पण तुमची तक्रार कंपनीच्या वेगळ्या डेस्कवर जाते, आणि काउंटरवर जे होत नाही ते तिथून कधी कधी चार फोनमध्ये होतं. झालं नाही तर कंपनीचं उत्तर तरी लेखी मिळतं. एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) टाकायचं असेल तर जरूर टाका, फक्त घडलेलं तेवढंच, "चोर कंपनी" वगैरे नको.

मग नोटीस. कायद्याने सक्तीची नाही, तरी पाठवा, कारण तिच्या उत्तरात कंपनी एकदा जी भूमिका घेते ती नंतर बदलता येत नाही. दीड पानाच्या वर नको, खरेदी, तीन तारखा, मागणी, १५ दिवस. २०२५ पासून रजिस्टर पोस्ट वेगळं राहिलं नाही, स्पीड पोस्टात घातलंय, तर स्पीड पोस्टाने पाठवून डिलिव्हरीचा पुरावा काढून ठेवा, आणि मेलवरही टाका.

तक्रार आता ई-जागृती पोर्टलवर दाखल होते, जुनं ई-दाखिल त्यातच आलं. स्कॅन नीट करा, जॉबशीट थर्मल कागदावर असते ती वर्षात पुसली जाते म्हणून आधीच झेरॉक्स. मेल, व्हॉट्सॲप, फोटो यांच्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडा, पूर्वी पुराव्याच्या जुन्या कायद्यातलं कलम ६५ब म्हणायचे ते आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली. आयोगाला पुराव्याचा कायदा काटेकोर लागू नाही, पण प्रमाणपत्र जोडलेलं असलं की तो एक आक्षेप कमी होतो. लॅपटॉप बंद पडतो त्याचे व्हिडिओ, विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये अनपेक्षित शटडाऊनच्या तारीखवार नोंदी असतात त्याचे स्क्रीनशॉट, हे मशीन पहिल्यांदा द्यायच्या आधीचे असतील तर सोन्याहून पिवळं.

मागणी काय करायची ते नीट ठरवा. कंपनीचा वकील २००६ चा मारुतीचा निकाल नक्की काढणार, ज्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं होतं की वॉरंटी बिघडलेला भाग बदलण्यापुरती आहे, अख्खी गाडी बदलून देण्याची नाही. त्याला उत्तर हेच की इथे भाग बदलून झाला, दोनदा झाला, तरी दोष गेला नाही, आणि तिसऱ्यांदा वॉरंटीच नाकारली. म्हणून पर्यायी मागणी करा: त्याच किंवा वरच्या कॉन्फिगरेशनचा नवा सीलबंद लॅपटॉप नव्या वॉरंटीसह, ते नाही तर ७२ हजार व्याजासह परत, तेही नाही तर विनामूल्य दुरुस्ती आणि वाढीव वॉरंटी. त्रासाबद्दल ५ लाख मागणारे असतात, मागायला कोणी अडवत नाही, पण अशा वस्तूला माझ्या पाहण्यात त्रास आणि खर्च मिळून काही हजारच मिळतात. आकडा अवास्तव असला की सदस्यांचा चेहरा बदलतो हे मी समोरून बघितलेलं आहे.

तज्ज्ञाचा रिपोर्ट लागेल का? ते म्हणतील उत्पादन दोष तज्ज्ञाशिवाय सिद्ध होत नाही. कलम ३८ मध्ये आयोगाला वस्तू प्रयोगशाळेत पाठवता येते, खर्च आधी तुम्हाला भरायला सांगतात. तुम्ही स्वतः अर्ज देऊन मागणी करा, सरकारी पॉलिटेक्निक किंवा इंजिनिअरिंग कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाचं नाव सुचवा. बरेच आयोग वॉरंटीत वारंवार तोच बिघाड झाल्याच्या जॉबशीटवरच दोष धरतात, वेगळा रिपोर्ट मागत नाहीत, पण अर्ज फाईलवर असला की "ग्राहकाने तपासणी टाळली" असं अपिलात म्हणता येत नाही.

वेळेचं खरं सांगतो. कायद्यात तपासणी नसेल तर तीन महिने, असेल तर पाच, असं लिहिलंय, प्रत्यक्षात जिल्ह्यावर अवलंबून आहे आणि वर्षाच्या आत झालं तर नशीब म्हणा. नोटीस मिळाल्यावर कंपनीला लेखी म्हणणं द्यायला ३० दिवस, वर जास्तीत जास्त १५. त्यापुढे आयोगाला मुदत वाढवायचा अधिकार नाही, मार्च २०२० मध्ये पाच न्यायमूर्तींनी हे पक्कं केलंय, जुन्या कायद्याखाली, पण तरतूद तीच आहे. तेव्हा तारखा मोजा, ४५ दिवस उलटले की लगेच "विना म्हणणे" चा, म्हणजे कंपनीचं म्हणणं न घेताच केस पुढे चालवा असा, अर्ज द्या. बहुतेक तडजोडीचे फोन याच सुमाराला येतात. आले तर बोला, पण पुरसीस, म्हणजे तडजोड झाली असं आयोगाला लिहून देणं, पैसे खात्यात आल्यावर किंवा लॅपटॉप हातात आल्यावरच द्या, आणि बदली मशीन नवं आहे, रिफर्बिश्ड नाही, असं लिहून घ्या.

निकाल तुमच्या बाजूने लागला आणि ते अपिलात राज्य आयोगाकडे गेले तर ४५ दिवसांत जावं लागतं आणि आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपील नाही आणि पैसेही नाहीत असं झालं तर कलम ७१ ची वसुली आणि कलम ७२ ची दरखास्त, म्हणजे आदेश न पाळल्याबद्दल शिक्षेचा अर्ज, ज्यात एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते १ लाख दंड आहे. मोठ्या कंपन्या त्या समन्सवर चेक घेऊन येतात, ताणत नाहीत.

मुलीला मध्येच दुसरा लॅपटॉप घ्यावा लागला तर बिनधास्त घ्या, त्याने केस कमजोर होत नाही, उलट बिल नुकसानीचा पुरावा म्हणून जोडता येतं. जुना मात्र विकू नका, एक्सचेंजमध्ये देऊ नका, चार्जर आणि खोक्यासकट तसाच कपाटात ठेवा, आयोगाने हजर करा म्हटलं तर दुसऱ्या दिवशी नेता आला पाहिजे.